साडेचारचा सिंगापूरकर

संगणकातलं मला सगळं कळतं, असा आमच्या पंचक्रोशीत समज आहे. तो मीच पसरवलेला आहे.

खालापूरला तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारवरची जन्मतारीख, जे म्हणाल ते. घर मात्र कर्जतच्या अलीकडच्या गावात, त्यामुळे रोज मोटारसायकलवरून जा-ये. गावात कुणाचा मोबाइल पाण्यात पडला तर तो आधी तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि मग माझ्याकडे आणतात. मी तो कानाशी धरतो, "हूं" म्हणतो, आणि परत तांदळात ठेवायला सांगतो. लोक समाधानाने जातात. एवढ्या विद्वत्तेवर मी पंधरा वर्षं काढली आहेत!

दुकानाला एकच रोग होता: नेट. हाकेच्या अंतरावर एक्स्प्रेसवेवर गाड्या भन्नाट पळतात आणि इथे एक पान उघडता उघडत नाही. एक गृहस्थ दाखल्यासाठी आले तेव्हा चांगले काळ्याभोर मिशांचे होते. पान उघडेपर्यंत ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीला पात्र झाले. (तोही फॉर्म मीच भरला.) त्यात संगणकाला व्हायरस लागला. एका आजोबांचा सातबारा उघडला, तर त्यावर पोहण्याच्या कपड्यातली एक बाई येऊन उभी राहिली! आजोबांनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "ही कोन रं? हिचं नाव कवा चढलं आमच्या जमिनीवर?"

औषध सापडलं ते घरीच. घरामागे दोन खोल्या बांधून माझ्या बायकोने, रंजनाने, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी राहण्या-जेवणाची सोय केली आहे. (रंजनाचं माहेर शेलूचं. डोकं माझ्यापेक्षा चांगलं. हे वाक्य तिला दाखवू नये.) त्यातल्या एका खोलीत उतरलेल्या टकल्या पाहुण्याने मला क्लाउड ब्राउजरची दीक्षा दिली. म्हणजे असं, की पान आपल्या संगणकावर उघडतच नाही. ते लांब कुठेतरी एका राक्षसी संगणकावर उघडतं आणि आपल्याला नुसतं त्याचं चित्र येतं. व्हायरस असेल तर तो तिकडे मरतो. आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. आपण येऊन गेलो याची खूणसुद्धा राहत नाही.

मी हे रंजनाला समजावून सांगितलं. "समज, स्वयंपाक दुसऱ्याच्या घरात. धूर त्याच्या डोळ्यांत, भांडी त्याची खरकटी. आपल्याकडे फक्त ताट येतं!"

"मग आपल्याकडे आत्ता वेगळं काय चाललंय तुमचं?" रंजना म्हणाली.

असो. ब्राउजर घेतलं. पान उघडायचं ते असं, की बोट उचलायच्या आधी! मी खूष होऊन पहिली सरकारी साइट उघडली. तिच्यावर लाल अक्षरं आली: 'ही सेवा भारताबाहेरून उपलब्ध नाही.' माझ्या जागी शहाणा माणूस असता तर तिथेच थांबून विचार केला असता. मी म्हटलं, खालापूर भारतात आहे हे सरकारला अजून कळलेलं दिसत नाही! आणि कचेरीची कामं पुन्हा जुन्या, रडक्या ब्राउजरवर सुरू केली. त्यामुळे जगातलं सर्वांत वेगवान आणि सुरक्षित ब्राउजर माझ्याकडे फक्त एका कामाला उरलं. रोज दुपारी साडेचार वाजता, आज घरी जेवायला काय आहे, ते बघायला.

हसू नका. रंजनाने बचत गटाच्या प्रशिक्षणात शिकून खोल्यांची साइट स्वतः बनवली होती. तिच्यावर 'आजचं जेवण' नावाचं एक पान होतं आणि ते ती रोज बदलायची. आता मी घरी फोन करून विचारू शकलो असतो की आज काय आहे? शकलो असतो. पण फोन केला की, "बरं झालं केलात, येताना कोथिंबीर, गॅसची नळी, आईंच्या गोळ्या आणि दोन किलो कांदे," अशी यादी सुरू होते. साइट यादी देत नाही. मी गुपचूप बघायचो, वरण-भात असेल तर वाटेतल्या चौक गावी भजी खाऊन जायचो, आणि सुरमई असेल तर मोटारसायकल उडवत जायचो.

इथवर हा सगळा सुखाचा संसार आहे. आता दिलीपचं सांगायला हवं. ते मी नेहमी भरभर सांगतो, आत्ताही तसंच सांगतो.

दिलीप माझा धाकटा भाऊ. वेल्डर. सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात. आठ वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले, तेव्हा त्याने तिकडून फोन केला, "दादा, विमान मिळालंय, मी येतोय, थांब." इकडे अंगण भरलेलं, पाऊस थांबेना, भावकी म्हणू लागली, किती वेळ ठेवायचं. मी थांबलो नाही. तो पोचला तेव्हा राख निवली होती. सहा तासांचा फरक पडला. तो काही बोलला नाही. तेरावं करून गेला आणि त्यानंतर त्याचा नंबर लागेनासा झाला. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त ती कमी जेवायला लागली, ओटीवरून कमी उठायला लागली, आणि टीव्ही बघताना टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडे बघायला लागली.

झालं. पुढे.

चैत्रात एके दिवशी मी घरी आलो तर आई दारात उभी! पायरी उतरून! मला वाटलं, घराला आग लागली.

"सुदा," ती म्हणाली, "दिल्या येतो रं."

"कुठे?"

"रंजीच्या सायटीवर!"

भानगड अशी होती. त्या साइटला मालकासाठी एक वेगळं पान असतं. कोणत्या गावाहून किती लोक आले, कुठलं पान बघितलं, किती वेळ थांबले, ते तिथे दिसतं. रंजना ते पाहत होती, आई शेजारी शेंगा सोलत होती, आणि रंजना सहज वाचत गेली: "मुंबई तीन, पुणे दोन, सिंगापूर एक." आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. रंजनाने मागचं काढून बघितलं. रोज एक जण सिंगापूरहून येत होता. रोज साडेचारला. खोल्या बघत नव्हता, भाडं बघत नव्हता, फोटो बघत नव्हता. फक्त 'आजचं जेवण' उघडायचा, दोन मिनिटं थांबायचा आणि जायचा.

"आईच्या हातचं काय शिजलंय ते बगतो," आई म्हणाली. "लाजतो, म्हनून बोलत नाय."

रंजना माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही कळणारे. हे गाव बरोबर दाखवतं का हो? की चुकतं?"

इथे मी गप्प बसलो असतो, तर! पण पंधरा वर्षांची कीर्ती पणाला लागली होती. मी खुर्चीत बसलो, चष्मा चढवला, पडद्याकडे बघत "हूं" म्हटलं आणि शिक्का मारला, "हे शंभर टक्के बरोबर असतं. यात चूक होऊच शकत नाही. माणूस जिथे बसलाय तिथलंच गाव येतं."

आई त्या दिवशी दीड भाकरी जेवली. माझी मात्र अर्धी भाकरी ताटात राहिली. दिलीप बघतो! आठ वर्षं बोलला नाही आणि रोज डाळीत काय घातलंय ते बघतो! दुसऱ्या दिवशी दुकानात साडेचारला मी ते पान उघडलं आणि मनात आलं, या क्षणी तोही हेच बघत असेल. मी जरा जास्त वेळ थांबलो.

संध्याकाळी घरी आई म्हणाली, "आज चार मिंटं बसला व्हता."

मला तरीही कळलं नाही. काही माणसांना वीज अंगावर पडली तरी ते म्हणतात, फोटो काढला वाटतं कुणीतरी! मी त्यातला.

मग माझे हाल सुरू झाले. मला जगात कारल्याइतका कशाचाही तिटकारा नाही. एके दिवशी पानावर होतं, 'भरलं कारलं'. मी पान बंद केलं. वाटलं, नीट वाचलं नसेल. पुन्हा उघडलं. कारलंच. पाच वाजता, रंजनाला दया येऊन बदललं असेल, म्हणून तिसऱ्यांदा उघडलं.

घरी आई ओटीवर आनंदाने बसली होती. "आज तीनदा बगून गेला! दिल्याला कारलं लय आवडायचं. आठवतं का गं रंजे, तो कच्ची चकती पन खायचा!"

त्या दिवसापासून एक दिवसाआड कारलं. जितकं कारलं, तितका मी घाबरून पुन्हा पुन्हा बघायचो. आणि जितका बघायचो, तितकं आणखी कारलं! वेलावरची संपली तर आईने कर्जतच्या बाजारातून मागवली. कुणाकडून? माझ्याकडून. मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिशवीतून, स्वतःच्या शत्रूला घरी आणत होतो.

रविवारी मी दुकान बंद ठेवतो. रविवारी सिंगापूरहून कुणी यायचं नाही. आईने त्याचाही उलगडा केला. "आईतवारी बायको घरात आसल. तिच्यासमोर कसा बगल? लगीन झालं आसल त्याचं. आपल्याला कोन सांगतो." मग रंजनाला म्हणाली, "सोमवारी जरा गोड कर कायतरी. दोगं मिळून बगतील यकांद वेळी."

आषाढात मला ताप आला. साधासुधा नाही, थर्मामीटरला घाम फुटेल असा! चार दिवस मी माजघरात गोधडीखाली पडून होतो. दुकान बंद. आणि चार दिवस सिंगापूरही बंद.

आई कासावीस. "चार दिस झाले, फिरकला नाय. आजारी तर नाय ना पडला? परक्या मुलखात कोन हाय त्याला?"

"आई," मी गोधडीतून कण्हलो, "पेज देतेस का जरा?"

"थांब रं! तुला काय झालंय? साधा ताप हाय! इथं त्याचा जीव कसा आसल त्या काळजीत मी…" आणि ती गावदेवीला नारळ कबूल करायला निघून गेली. दिलीपच्या तापासाठी! ज्याला ताप होता तो तिच्या वाटेत आडवा पडला होता. तिने त्याला ओलांडलं आणि गेली.

पाचव्या दिवशी मी दुकानात गेलो. साडेचारला पान उघडलं. घरी पोचलो तर नारळ फुटलेला, वाटीत खोबरं. "बरा झाला!" आई म्हणाली. "आज येऊन गेला. देवीनं ऐकलं." मग माझा हात धरून म्हणाली, "सुदा, तू कंपुटरवाला ना? माग काढ ना त्याचा. फकस्त नंबर दे मला. मी रागावनार नाय त्याच्यावर."

तेव्हा पहिल्यांदा मी ठरवलं की खरोखर काहीतरी करायचं. दुसऱ्या दिवशी दुकानातून रंजनाला फोन लावला. ती घरी ते मालकाचं पान उघडून बसली. बेत असा, की साडेचारला तो आला की तिने मला सांगायचं. मीही इकडे आपलं पान उघडून तयार झालो.

"आला!" रंजना कुजबुजली. "आत्ता आला. आजच्या जेवणावर आहे."

"थांब, बघतो," म्हणत मी उगीच खोल्यांच्या फोटोंवर गेलो.

"अहो, आज तो खोल्यांचे फोटो बघतोय! कधी बघत नाही."

मी हात आखडला. मग हळूच 'आमच्याविषयी' दाबलं.

"आता 'आमच्याविषयी'वर गेला."

मी ब्राउजर बंद केलं.

"गेला," रंजना म्हणाली.

दुकानात झेरॉक्स मशीन घरघरत होतं. एक बाई रेशनकार्डाच्या प्रती मागत होत्या. मी त्यांना सतरा प्रती काढून दिल्या. त्यांना दोन हव्या होत्या.

"रंजना," मी म्हटलं, "तो मी आहे."

मग ती म्हणाली, "तुम्ही सिंगापुरात काय करताय?"

मी त्या ब्राउजरची माहिती शोधून वाचली, जी घेण्याआधी वाचायची असते. स्पष्ट लिहिलं होतं. तो राक्षसी संगणक सिंगापुरात होता. मी खालापुरात बसून बोट दाबत होतो आणि पान उघडत होतं सिंगापुरात. लोकांना वाटे, माणूस तिकडचा. किती सुरक्षित! माझी बायकोसुद्धा मला ओळखू शकली नव्हती.

"आईंना सांगायचं नाही," रंजनाने त्या संध्याकाळी गोठ्याच्या आडोशाला मला बजावलं. "त्या जेवतायत. काल देवळापर्यंत चालत गेल्या. तुम्ही आता रोज उघडायचं. साडेचार म्हणजे साडेचार. आणि आजारी पडायचं नाही."

"पण हे खोटं आहे गं."

"तुम्हाला कधीपासून त्रास व्हायला लागला खोट्याचा?"

तर अशा रीतीने मी दिलीपच्या नोकरीला लागलो. ब्राउजर फोनवर घेतलं. पनवेलला भाच्याच्या हळदीत साडेचारला मांडवामागे जाऊन उघडलं. दाढदुखीत, डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं ठेवून उघडलं. रोज दोन मिनिटं मी माझा भाऊ व्हायचो, आणि त्या दोन मिनिटांत मला सगळ्यांत जास्त कुणाची आठवण यायची, ते सांगायला नको. विनोदी लेखात बरं दिसत नाही.

आणि मग श्रावण संपता संपता त्या ब्राउजरवाल्यांनी घात केला. एके सकाळी पडद्यावर फुलं उधळत पाटी आली: 'आनंदाची बातमी! आम्ही आता तुमच्या आणखी जवळ!' मी म्हटलं, या, या. आणि विसरलो.

साडेचारनंतर दहा मिनिटांनी रंजनाचा फोन. "अहो, घात झाला. तुम्ही मुंबईत आलात."

"मी खालापुरात आहे!"

"सिंगापूर नाही आज. साडेचारला मुंबईहून एक जण आला, आजचं जेवण बघितलं, दोन मिनिटं थांबला. आईंनी माझ्याआधी वाचलं." तिच्यामागून आईचा आवाज येत होता. इतका मोठा आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. "उतरला गं! मंबयला उतरला! पिठोरीला येतोय माजा लेक!"

'आणखी जवळ' म्हणजे तो राक्षसी संगणकच मुंबईला आला होता. पिठोरी अमावस्येला तीन दिवस होते. ते तीन दिवस मी शत्रूलाही देणार नाही. आईने पुण्याच्या एका कुटुंबाला फोनवरून, "खोली नाय, माजा लेक येतोय," म्हणून वाटेला लावलं. भिंतीला चुना काढायला लावला, काढणारा मी. मधले दोन्ही दिवस मला स्वच्छ शर्ट घालून कर्जत स्टेशनवर पाठवलं. मी जाऊन बाकावर बसायचो, दोन वडापाव खायचो आणि परत येऊन सांगायचो, "गाडीत नव्हता." खोटं नव्हतं ते!

"सांगून टाका," आता रंजनाच म्हणायला लागली.

"तूच म्हणालीस ना, सांगायचं नाही?"

"तेव्हा तुम्ही सिंगापुरात होतात!"

पिठोरीला आमच्याकडे संध्याकाळी पूजा होते. खीर-पुरीचं ताट आई डोक्यावर धरते, लेकरांकडे पाठ करून उभी राहते आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे दारी आलेला कोण? मागून लेकराने आपलं नाव सांगायचं आणि ताट उतरून घ्यायचं. जितकी लेकरं तितकी ताटं. बाबा गेल्यापासून आई एकच ताट करत होती. या वर्षी दोन होती.

पहिलं ताट. "अतीत कोण?"

"मी सुधाकर." घेतलं.

दुसरं ताट तिने डोक्यावर धरलं. पाठ आमच्याकडे, तोंड देवांकडे. "अतीत कोण?"

बाहेर बेडूक ओरडत होते. रंजना माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे. ताट हळूहळू थरथरायला लागलं, खीर काठाशी आली.

"अतीत कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तुजं झालं. आता कोन?"

"मीच, आई. रोज साडेचारला मीच असतो. सिंगापुरात पण मी आणि मुंबईत पण मी." आणि मी तिच्या पाठीला सगळं सांगायला लागलो. तो राक्षसी संगणक, ते चित्र, तो धूर, ते ताट. मला आजवर कुणालाही कुठलीही गोष्ट इतकी वाईट समजावता आली नव्हती. मधेच 'अतिशय सुरक्षित असतं ते' असंही म्हणालो.

"आदी ताट घे," आई म्हणाली. "हात भरून आले."

मी ताट घेतलं. ती वळली आणि पाटावर बसली.

"म्हंजी तो आलाच नाय?"

"नाय."

"यकदा पन नाय?"

"नाय, आई."

तिने थोडा विचार केला. "आन् कारलं?"

"मला आवडत नाही. बदललं का, ते बघायचो."

रंजनाला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. आई हसली असती तर मी ही हकिकत इथेच संपवली असती. ती हसली नाही. समईची वात सारखी करत म्हणाली, "सा तासांचं तर काम व्हतं रं, सुदा." आठ वर्षांत पहिल्यांदा. मी मान वर केली नाही. मग तीच म्हणाली, "तवा मी पन गप बसले. थांब म्हनाया पायजे व्हतं मी." आणि दुसरं ताट माझ्याकडे सरकवलं. "खा. निवंल."

मी दोन्ही ताटं खाल्ली. इतकी गोड खीर इतकी कडू लागलेला माणूस कर्जत तालुक्यात दुसरा नसेल.

त्या रात्रीच ते ब्राउजर दुकानातून आणि फोनवरून मी उपटून काढलं. घरात कारलं बंद झालं. आई परत भिंतीकडे बघायला लागली. मालकाचं पान रंजना एकटीच बघायची. मी दुपारी फोन करून विचारू लागलो, "आज काय आहे?" आणि कांदे आणू लागलो.

नवरात्रात, सकाळी अकराला, मी घरीच होतो. ओटीवर बसून, दोन्ही हातांनी नारळ सोलत होतो. फोन आत चार्जिंगला. रंजना आतून बाहेर आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पुन्हा सुरू केलंत?"

"काय?"

"सिंगापूर. एक. आजचं जेवण. आत्ता."

मी नारळ टाकला. "रंजना, मी नाही! हे बघ, हात! माझ्या हातात कोयता आहे!"

"कसं करता ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही कळणारे."

"देवाशप्पथ नाही! आई, तुझ्या गळ्याची शपथ, मी नाही तो!"

आई शेजारीच वाती वळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. रागापेक्षा वाईट, माया होती. "राहू दे गं, रंजे," ती म्हणाली. "माज्यासाटी करतो. पन पुरे आता, सुदा. मला बरं वाटावं म्हनून नको करू." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी रंजनाला समजावलं, आईला समजावलं, गावदेवीसमोर उभा राहून समजावलं. जन्मभर मारलेल्या थापांवर या लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. एकदा खरं बोलायला गेलो, तर मला दुधाचा कप आणून दिला आणि पडून राहायला सांगितलं!

मग मी संध्याकाळी रंजनाच्या नकळत, तिचाच पासवर्ड टाकून साइट उघडली. आमच्या साध्या, रडक्या ब्राउजरवर. चांगली पंधरा मिनिटं लागली. आणि 'आजचं जेवण'मध्ये, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, लोणचं यांच्याखाली लिहिलं: 'दिलीप, बाबांच्या वेळी मी थांबायला हवं होतं. चुकलं माझं. दादा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "तुमच्या आजच्या जेवणातलं ते शेवटचं थाळीत येतं, की वेगळं सांगावं लागतं?"

दुपारी रंजनाने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. सिंगापूर, एक. आजचं जेवण. थांबला: अकरा मिनिटं.

माझी एक ओळ वाचायला अकरा मिनिटं! आई वाती वळायची थांबली होती. "काय म्हनतो रं कंपुटर?" तिने विचारलं.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी "हूं" म्हटलं नाही. खरं तेच सांगितलं, की मला काही कळत नाही. एक तर तो दिलीप आहे. नाहीतर माझ्यासारखाच कुणीतरी गाढव, ज्याच्या गळ्यात कुण्या टकल्याने जगातलं सर्वांत वेगवान ब्राउजर मारलंय.